कागद आडवा, माणूस उभा

आमच्या दवाखान्यात तिला नावानं कोणी हाक मारत नसे. खरं नाव करुणा, पण रुग्णांपासून शिपायापर्यंत सगळ्यांची ती 'आडवी मॅडम'. प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवर सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराच्या तपासणीचे निकाल भरायचे आणि छापून द्यायचे, हे तिचं काम. मी तिथला तंत्रज्ञ. रक्त मी तपासायचो, कागद तिच्या हातून बाहेर जायचा. कोणीही प्रिंटरजवळ गेलं की तिची आरोळी ठरलेली, "आडवा केला का जी?"

तिची ही आरोळी उगाच नव्हती. निकाल इंटरनेटवरच्या एका सॉफ्टवेअरमधून निघायचा. तक्ता रुंद, पण प्रिंटची खिडकी उघडली की पान दर वेळी उभंच. तसंच बटण दाबलं तर उजवीकडचा शेवटचा रकाना कापला जायचा. आणि तो रकाना कोणता, तर निष्कर्षाचा! निरोगी, वाहक की रुग्ण, ते तिथं लिहिलेलं. नाव, वय, गाव सगळं ठसठशीत, आणि ज्यासाठी माणूस सकाळची एसटी धरून आला तेवढंच गायब. काय म्हणावं या कर्माला? 'लँडस्केप', म्हणजे आडवं पान, निवडून एक कागद काढावा, तर पुढच्या रुग्णापर्यंत ते यंत्र विसरूनही जाई.

मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "अगं, अक्षरं बारीक कर, उभ्यातच बसेल सगळं." तिनं तसा एक कागद काढला, डोळ्यांजवळ धरला आणि माझ्या हातात कोंबला. "सर, ह्या मुंग्या वाचाले लोकाइले भिंग बी देता का?" तिचं बोलणंही असंच आडवं. डॉक्टरसाहेबसुद्धा तिच्या वाटेला जात नसत.

तिच्या या हट्टामागे तिचीच कथा होती. कॉलेजात असताना कुठल्याशा शिबिरात तिचं रक्त तपासलं होतं. कागद उभा निघाला. वाईट असं त्यात कुठं काही लिहिलेलं नाही, म्हणून बाप खुशीत म्हणाला, "पोरगी बेस आहे." पुढं कित्येक वर्षं तिची हाडं ठणकत राहिली, डोळे पिवळे होत राहिले आणि घरी काविळीची जडीबुटी चालू राहिली. ती सिकलसेलची रुग्ण आहे हे कळेपर्यंत मांडीचं हाड कामातून गेलं होतं. तेव्हापासून ती लंगडायची. नव्या माणसाला ती हे सगळं हसत सांगायची आणि शेवटी म्हणायची, "कागद आडवा असला त माणूस उभा राहते जी."

सॉफ्टवेअरवाल्यांच्या हेल्पलाइनला तर तिनं सळो की पळो करून सोडलं होतं. पलीकडचा मुलगा दर वेळी तेच ऐकवायचा, "मॅडम, वो आपके ब्राउजर की सेटिंग है. हमारी तरफ से कुछ नहीं होता." ही इकडून ओरडायची, "अरे भैया, आदमी भूल जाता है! कागज को ही समझना चाहिए ना?" फोन आपटायची, आणि प्रिंटरवर चिकटवलेल्या लाल चिठ्ठीवर पुन्हा पेन फिरवायची. चिठ्ठीवर एकच शब्द होता, 'आडवा?'

एका दुपारी ती जेवायला गेली असताना नर्सबाईंनी घाईत एक निकाल छापून दिला. आमच्या विदर्भातल्या प्रतापगडच्या बाजूची मुलगी होती, लग्न ठरलेलं. नवरा मुलगा वाहक असल्याचं आधीच माहीत होतं. मुलगीही वाहक निघाली, तर होणाऱ्या लेकरांना हा आजार होण्याची भीती. करुणा परत आली, स्क्रीनवर पाहिलं आणि किंचाळलीच, "उभा गेला!" मी काही म्हणायच्या आत ती लंगडत रस्त्यावर, आणि त्या मुलीला घेऊन निघालेल्या एसटीला थेट आडवी. ड्रायव्हर भडकला, "काऊन बाई, मराचं आहे का? मांजरीसारखी आडवी कायले येऊन राहिली?"

ती धापा टाकत म्हणाली, "कोनी मरू नये म्हनूनच आली जी."

मुलगी वाहक होती. लग्न मोडलं. मुलीच्या बापानं दवाखान्यात येऊन करुणाला वाटेल ते ऐकवलं. तिनं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "लग्न मोडलं त पुन्हा जुळते, बाबाजी. लेकराचं हाड मोडलं त नाई जुळत." पण एसटी अडवायच्या त्या धावपळीनं तिची हाडं अशी काही पेटली की ती आमच्याच वॉर्डात येऊन पडली. तिथूनही शिपायाकरवी निरोप यायचे, आडवा केला का म्हणून.

धान निघालं आणि थंडीनं कहर केला. थंडी तिची वैरीण. आधी हाडं, मग छाती. नागपूरला न्यायचं ठरलं. स्ट्रेचर अँब्युलन्समध्ये चढवताना तिनं माझी बाही धरली. ओठ कोरडे पडले होते. "पाहा जी सर, आता मीच आडवी झाली." मी म्हटलं, "चूप बस. परत येऊन मला शिव्या द्यायच्या आहेत तुला." ती हसली. परत आली नाही. माझ्या पोरीएवढी होती हो ती! मला आजही त्या थंडीचा राग येतो.

उन्हाळ्यात सॉफ्टवेअर बदललं. नवं काय आलं, ते मी पाहिलंही नव्हतं. सवयीनं प्रिंटची खिडकी उघडली, 'लँडस्केप' शोधायला लागलो, तर पान आधीच आडवं. कोणी काही निवडायची गरजच नाही. शेवटच्या रकान्यासकट अख्खा तक्ता सुळ्ळकन बाहेर आला. मी तो कागद हातात धरून राहिलो आणि एकदम तोंडातून निघालं, "एवढंच होतं ना रे? मग आधी काऊन नाही केलं?"

बाकावरची म्हातारी दचकली. मग उठून कागद घ्यायला आली, आत डोकावली आणि म्हणाली, "आज आडवी मॅडम नाई दिसून राहिली जी?"