अक्कांनी उलगडून दाखवलेला रिझर्व्ह

मल्लेश्वरममधल्या एका घरी मी भाडेकरू म्हणून राहायला गेलो, तेव्हा घरमालकीणबाई पासष्टीच्या होत्या. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्या बेंगळुरूतलंच. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, मीही म्हणू लागलो. यजमान गेल्यावर त्यांची जुनी मोटारसायकल अक्का स्वतः चालवत. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा ती त्यांनी मला वापरायला दिली.

एका रविवारी त्यांना मागे बसवून इंदिरानगरला त्यांच्या बहिणीकडे निघालो. उड्डाणपूल चढतानाच इंजिन आचके देऊ लागलं. मागे बस होती. मी गडबडलो. तेवढ्यात माझ्या डाव्या गुडघ्याजवळून एक हात खाली आला आणि त्यानं टाकीखालचा पेट्रोलचा खटका चाचपून रिझर्व्हवर फिरवला. दोन-तीन आचके देऊन इंजिन पुन्हा सुरळीत चालू लागलं. अक्का मागे सरळ बसल्या आणि बहिणीनं जेवायला काय केलं असेल यावर बोलू लागल्या.

रिझर्व्ह म्हणजे टाकीच्या पोटातली वेगळी, छोटी टाकी असं मला वाटायचं. घरी आल्यावर तसं म्हणालो, तर त्या हसल्या नाहीत. खटक्याचा वायसर नाहीतरी बदलायचाच होता. त्यांनी उरलेलं पेट्रोल डब्यात काढलं, खटका सोडवला आणि माझ्या तळहातावर ठेवला. वरच्या अंगाला पितळेची बोटभर उंच नळी होती आणि तिच्या पायथ्याशी एक भोक. रोजचं पेट्रोल उंच नळीच्या तोंडातून येतं. पातळी तिच्याखाली गेली की इंजिन अडखळतं. खटका फिरवला की तेच पेट्रोल तळाच्या भोकातून येऊ लागतं. टाकी एकच, फक्त तोंडं दोन.

"पेट्रोल भरलं की खटका परत फिरवायचा," त्या म्हणाल्या. "नाहीतर पुढच्या वेळी गाडी सांगणार नाही, सरळ थांबेल."

मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी टाकी भरली आणि नेमका खटका फिरवायचा विसरलो.

दहाएक दिवसांनी सकाळी ऑफिसला जाताना महादेवपुऱ्यात गाडी बंद पडली. खटका बघितला, तो आधीच रिझर्व्हवर. पंप किलोमीटरभर पुढे होता. ओशाळून अक्कांना फोन केला. त्यांनी एका शब्दानं बोल लावला नाही.

"गाडी डाव्या अंगाला स्वल्प वाकव," त्या म्हणाल्या. "अजून वाकव. आता दहा आकडे मोज, सरळ कर आणि किक मार."

टाकी खोगिरासारखी दोन्हीकडे उतरलेली असते. खटका डावीकडे, त्यामुळे उजव्या कुशीत थोडं पेट्रोल अडकून राहतं, ते वाकवल्यावर इकडे ओघळतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त सांगितलं तसं केलं. दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली आणि पंपापर्यंत पोचली.

संध्याकाळी त्यांना विचारलं, हे कुणी शिकवलं?

"कुणी नाही," अक्का म्हणाल्या. "तुमकूर रस्त्यावर एकदा अशीच अडकले. ढकलताना गाडी आडवी पडली. उचलली तर सुरू झाली. का झाली, ते घरी येऊन टाकी उतरवून बघितलं."

एवढं सांगून त्या शेवग्याच्या शेंगा सोलायला बसल्या. मी बाहेर जाऊन खटका परत फिरवलाय ना, ते बघून आलो.