बसमधली सायकॉलॉजीवाली

हरियाणातल्या मानेसरच्या कंपनी बसमध्ये ती रोज माझ्या शेजारी बसायची आणि बसताच गळ्यातलं ओळखपत्र उलटं करायची, त्यामुळे तिचं नाव मला कधी कळलं नाही. ती एचआरमध्ये होती आणि फोनवर आईशी मराठीत बोलायची. बसमधले कामगार तिच्याकडे बघायचं टाळायचे.

त्या सकाळी माझ्या मांडीवर मुलीच्या शैक्षणिक कर्जाचे कागद होते. खासगी कॉलेज, सायकॉलॉजीत बीए. जामीनदार म्हणून माझी सही त्याच दिवशी हवी होती. शेजारून ती म्हणाली, "काका, मीपण हेच केलंय. हप्ते अजून चालू आहेत."

"एमए नाही केलं?"

"पहिलंच कर्ज फिटेना, दुसरं कोण देणार?"

"मग उपयोग काय झाला?" मी जरा चिडूनच विचारलं.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "समोरचा माणूस किती घाबरलाय ते मला लगेच कळतं. आणि पगार मिळतो तो त्याच्या हातात कामावरून काढल्याचं पत्र द्यायचा."

मी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. कारखान्याचं गेट आलं. तिनं ओळखपत्र सुलटं केलं, माझ्या हाताकडे बघितलं आणि उठता उठता म्हणाली, "सही घरी जाऊन करा, काका. आत्ता तुम्ही घाबरलायत."