हळदीच्या दुधातल्या गोळ्या

घरात माझ्या ओटीभरणाचा बेत चालला होता, तेव्हा नगरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पोटात मूल नाही. जे होतं त्याला द्राक्षगर्भ म्हणतात. इतक्या वाईट गोष्टीला इतकं रसाळ नाव कोणी दिलं असेल, याचा मी तिथे टेबलावर पडल्या पडल्या विचार करत होते. पोट साफ केलं, पण रक्त थांबेना. मग पुण्याला नेलं. तिथे गर्भ तपासायच्या त्या काळच्या रीतीने माझी लघवी एका बेडकाला टोचली आणि बेडकाने काय तो निकाल दिला. वारेचा कॅन्सर.

पुण्याच्या डॉक्टरही बाईच होत्या. म्हणाल्या, "हा गोळ्यांनी बरा होतो. कॅन्सरच्या बाबतीत असं बोलायची वेळ माझ्यावर फारशी येत नाही, तेव्हा नीट ऐका." हे त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. मी शेजारच्या खुर्चीवर होते. पाच दिवस गोळ्या, मग विश्रांती, मग रक्त तपासून पुढच्या गोळ्या. एखाद्या दिवशी राहिली तर राहिली, दुसऱ्या दिवशी भरून काढायची नाही. डोकं दुखलं तरी आपल्या मनाने दुसरी गोळी घ्यायची नाही. पाणी भरपूर. तोंड आलं, ताप आला किंवा अंगावर काळेनिळे डाग उठले, तर गोळ्या बंद आणि थेट इकडे. बरं झाल्यावरही वर्षभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. नवरा हे सगळं राष्ट्रगीताला उभं राहावं तसं ऐकत होता, ताठ आणि शब्दांकडे लक्ष न देता.

पहिल्या गोळ्या दवाखान्यातच झाल्या. मळमळलं, जिभेची कड हुळहुळली. तिथल्या नर्सने मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या शिकवल्या, मिसरी बंद करायला लावली. ती गोळ्यांना बोट लावत नसे, बाटलीच्या झाकणात घेऊन माझ्या तळहातावर टाकी. मला वाटलं, इथेही शिवाशीव पाळतात की काय. मग कळलं, औषधच तसं जहाल होतं.

पुढच्या गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो, श्रीगोंद्याकडे. साल दुष्काळाचं. विहिरीच्या तळाला उतरून वाटीने पाणी भरायचं, नाहीतर टँकरची वाट बघायची. अशा गावात भरपूर पाणी प्यायचा सल्ला घेऊन मी परतले होते.

आमचे मामंजी साखर कारखान्याच्या संचालक मंडळावर होते आणि सभेत बोलत. विज्ञाननिष्ठा हा त्यांचा आवडता शब्द. तो उच्चारताना ते उपरण्याचं टोक खांद्यावर टाकत. माणूस चंद्रावर गेला आणि आपल्या भगिनी अजून चुलीपाशीच, असं ते म्हणाले की भगिनी टाळ्या वाजवत आणि चुलीकडे परत जात. त्या आठवड्यात त्यांचं असंच एक भाषण होतं. घरात काय चाललं होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. ते बायकांचं खातं होतं.

घरात चाललं होतं ते असं. घरच्या गोळ्या सुरू झाल्या त्याच दिवशी मला पुन्हा रक्त जायला लागलं. ते पाळीचं नव्हतं, दुखण्याचं होतं. पण रक्त ते रक्त. सासूबाईंनी पडवीत पोतं अंथरलं. ताट लांबून सरकवायचं, पाणी वरून ओतायचं. गोळ्यांची बाटली स्वयंपाकघरातल्या फडताळात, देवांच्या खालच्या फळीवर.

मी विचारलं, "आत्याबाई, गोळ्या?"

"विटाळात दवा लागू पडत न्हाई. चार दिस दम धर."

"अहो, हा विटाळ नाही. हेच तर दुखणं आहे."

"मंग काय वल्ली हळद हाय व्हय? बस गुमान. शिकलीस म्हनून रगत येगळं झालं का तुजं?"

मी नवऱ्याला सांगितलं. तो उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "आईला दुखवून काय मिळणार? चार दिवसांचा तर प्रश्न." मी म्हटलं, प्रश्न माझ्या जिवाचा आहे. तो म्हणाला, "झालं तुझं सुरू."

चौथ्या दिवशी रक्त आपोआप थोडं थांबलं. डोक्यावरून पाणी घेतलं, म्हणजे दोन तांबे. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने केस पुसले. मग पेलाभर हळदीचं दूध आणलं. त्या वर्षी दूध म्हणजे चैन होती. गोडही होतं. त्यांनी पेला रिकामा होईपर्यंत समोर बसून पाहिलं, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. तशा त्या वाईट नव्हत्या, आणि हेच सांगायला कठीण जातं. दुष्ट असत्या तर मी पेला हुंगून पाहिला असता.

त्या गोळ्या पिवळ्या असतात. राहिलेल्या सगळ्या दिवसांच्या गोळ्या त्यांनी पाट्यावर वाटून त्या दुधात घातल्या होत्या. संध्याकाळी त्याच दुधाचा आणखी एक पेला आला.

आठवडाभरात तोंडाची आतून साल निघाली. थुंकी गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. फणीत केस राहायचे, धक्का लागला नाही तिथेही मांडीवर निळे डाग. गावाने एकमुखाने निदान केलं, उष्णता. कोणी सब्जा आणला, कोणी गुलकंद. मी पाटीवर लिहून दाखवलं, ताप आहे, पुण्याला न्या. बोलता येत नव्हतं. मामंजींनी वाचलं आणि अक्षर चांगलं आहे म्हणाले. ताप वाढून मी बरळायला लागले तेव्हा कारखान्याची जीप निघाली.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडून पाहिलं. "किती गोळ्या दिल्या?"

सासूबाई सोबत होत्या. अभिमानाने म्हणाल्या, "एक बी वाया घालवली न्हाई बाई. राहिलेल्या समद्या एकदम दिल्या, हळदीच्या दुधात."

डॉक्टरीणबाई नवऱ्याला म्हणाल्या, "मी तुम्हाला सांगितलं होतं." नवरा म्हणाला, "आईला काय माहीत?" त्यावर त्या म्हणाल्या, "मी आईला नव्हतं सांगितलं." मग प्रथमच खुर्ची माझ्याकडे वळवून त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, मला. या रक्तात विटाळ नाही, हेही सांगितलं. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

रक्त चढवलं, सलाइन लावलं, पेजेवर ठेवलं. वाचले. रक्त सुधारल्यावर गोळ्या पुन्हा सुरू करायच्या ठरल्या आणि आम्ही घरी आलो.

गोळ्यांच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग लागला. लगेच पडवीत पोतं पडलं. सासूबाई म्हणाल्या, "पुन्याचं पुन्याला. ह्ये माजं घर हाय."

मी पोत्यावर बसले नाही. उठले, उंबरा ओलांडला आणि स्वयंपाकघरात गेले. पाण्याचे हंडे दाराशीच होते, त्यांना माझं लुगडं घासलं. फडताळ उघडलं, बाटली घेतली, झाकणात मोजून गोळ्या तोंडात टाकल्या आणि त्याच हंड्यात तांब्या बुडवून पाणी प्याले.

सासूबाईंनी हंबरडा फोडला. शेजारणी जमल्या. मामंजी बाहेरच्या ओट्यावर आले. विज्ञाननिष्ठा कुठे दिसली नाही. "ही काय रीत झाली?" एवढंच म्हणाले.

एक शेजारीण म्हणाली, "बाटलं की वं समदं पानी. वता आता."

कोणीच हललं नाही. ते हंडे सासूबाईंनी सकाळपासून विहिरीत उतरून भरले होते. टँकर परवा येणार होता. त्यांनी हंड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा हंड्यांकडे. मी भिंतीला टेकून उभी होते.

"वता म्हनं! तुज्या बापानं भरलंय व्हय पानी?" त्या शेजारणीवर खेकसल्या. "पुन्याच्या डाक्टरनीनं सांगितलंय, हिचा इटाळ धरायचा न्हाई. मला काय कळंना का?"

शेजारणी पांगल्या. त्या दिवसापासून बाटली माझ्या कमरेच्या चंचीत राहिली. पुढच्या सगळ्या गोळ्या मी माझ्या हाताने घेतल्या, पुण्याचे बेडूक हळूहळू गप्प झाले, आणि पडवीतलं पोतं सासूबाईंनी बैलाच्या पाठीवर घातलं. माझ्या जिवासाठी त्यांनी रीत मोडली असं पुढे घरातले सांगू लागले, मामंजी तर व्यासपीठावरून. मी त्या वेळी तिथेच उभी होते. सासूबाईंनी माझ्याकडे किती वेळ पाहिलं आणि हंड्यांकडे किती वेळ, ते मला माहीत आहे.