दिराने माझ्याविरुद्ध केलेला अर्ज

धाकट्या दिराने बरा असताना एका कागदावर माझं नाव लिहून ठेवलं होतं. डोकं पुन्हा बिघडलं तर त्याच्या वतीने वहिनी ठरवेल, असं. माझ्या लग्नात तो तिसरीत होता. बायकोचं नाव त्याने घातलं नाही, कारण ती रडते.

त्या दिवशी नाशिकच्या दवाखान्यात आम्ही तिघं होतो. तो, त्याची बायको म्हणजे माझी जाऊ, आणि मी. चार दिवस तो झोपला नव्हता, धड जेवला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, "इथे राहता का?"

"नाय. मळ्यात झेंडू तोडायचा हाय."

त्या आमच्याकडे वळल्या. "ते नको म्हणतात. घरच्यांना वाटतं म्हणून ठेवता येत नाही, कायदा आहे. कुणाच्या जिवाला धोका आहे का?"

जाऊने मला कोपर मारलं. "सांगा ना ताई, कोयता घेऊन अंगावर आला म्हणून."

"आला नाय," मी म्हणाले. "कोंबडी कापायला पण दुसऱ्याला बोलावतो तो."

खरं काय ते मला एकटीला ठाऊक होतं. परवा सकाळी विहिरीच्या कठड्यावरून मी त्याला सदरा धरून मागे ओढलं होतं. कोणाला सांगणार नाही, असा शब्द त्याने माझ्याकडून घेतला. त्याच्या पोरीची सुपारी फुटायची होती. घोटीच्या पाहुण्यांच्या कानावर गेलं, तर सोयरीक मोडली असती.

तो माझ्याकडेच बघत होता. मी सांगून टाकलं.

जाऊने त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं.

"वहिनी, शब्द मोडलास तू."

"मोडला. जिवंत राहा आन् भांड."

दोघा डॉक्टरांनी त्याला वेगवेगळं तपासलं. मग भरतीचा अर्ज माझ्यापुढे आला. मी चौथी शिकलेली, सहीला वेळ लागतो. तेवढा वेळ तो मला शिव्या देत होता.

सहाव्या दिवशी डबा घेऊन गेले. त्याने तो बाजूला सारला.

"घोटीवाले?"

"गप्प हायेत."

"कागद आण. तुझ्यामुळे मला इथं डांबलंय. वर तक्रार करायचीय."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मंडळाकडे दाद मागणं हा त्यांचा हक्क आहे, आणि त्यांच्या कागदावर नाव तुमचं, म्हणून त्यात मदत करणंही तुमचंच काम. मी कागद आणला. औषधाच्या गुंगीत एक ओळ लिहायला त्याला बराच वेळ लागला.

"वाच," मी म्हणाले.

"माझ्या वहिनीने दिलेला शब्द मोडला."

"खरंय. पुढं?"

त्याने पेन खाली ठेवलं. मी डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला. अर्धी भाकरी खाऊन त्याने उरलेलं लिहिलं. अर्ज मीच दवाखान्याच्या खिडकीवर दिला आणि पोच आणून त्याच्या हातात ठेवली.