खांद्यावरचा हात

ठमी गेली होती फोटो काढून घ्यायला आणि बसली भांडत. नोकरीच्या अर्जाला लावायला पासपोर्टचा फोटो हवा होता, एवढंच. स्टुडिओवाल्या काकांनी तिला स्टुलावर बसवलं, हनुवटी जरा वर करायला लावली, डोळे दिपतील असा उजेड मारला आणि आतल्या खोलीत जाऊन कॉम्प्युटरपुढे बसले. दार उघडंच होतं. स्क्रीनवर तिचा चेहरा भला मोठा झाला होता आणि काका माऊस फिरवून तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसत होते, ओल्या फडक्यानं फळा पुसावा तशी.

"अहो, थांबा! मी कधी सांगितलं काढायला?"

"सगळ्यांचीच काढतो मी. त्याचे वेगळे पैसे नाहीत."

"परत घाला. कष्टानं कमावलीत ती मी."

काकांनी खुर्ची वळवून तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत लोकांनी नाकं सरळ करून घेतली होती, टकलावर केस मागितले होते. वर्तुळं परत मागणारी ही पहिलीच. त्यांनी ती घातली. ठमी मात्र हलली नाही. दारात उभी राहून ती विचारत होती, "हे पुसायचं आणि घालायचं, शिकायला अवघड असतं का हो?"

काकांकडचा रिटच करणारा माणूस नुकताच दुसऱ्या शहरात निघून गेला होता आणि कामं तुंबली होती. नोकरीचा अर्ज ठमीनं पर्समध्येच ठेवला. दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत हजर.

ठमी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी एखाद्या गोष्टीसाठी ठाण मांडून बसली की कोणी उठवू शकायचं नाही, म्हणून घरात ठमी पडलं आणि पुढं सगळ्यांच्याच तोंडी बसलं. आता ती चाळिशी ओलांडलेली. नवऱ्याला दुसरी कोणी आवडली, तेव्हा सासरच्यांनी हिलाच समजूतदारपणा दाखवायला सांगितला. समजूतदारपणा म्हणजे घटस्फोटाच्या कागदावर सही. तिनं सही केली, आणि ज्या पेनानं केली ते नवऱ्याच्या खिशात परत खोचून ती बाहेर पडली. तेव्हापासून ती दादा-वहिनीकडे राहत होती, मागच्या खोलीत.

"या वयात कॉम्प्युटर?" वहिनी म्हणाली. "चाळिशीत लोक चष्म्याचा नंबर बदलतात, धंदा नाही."

"मी दोन्ही बदलीन," ठमी म्हणाली.

"चार दिवस टिकेल ही," असं दादा वर्तमानपत्राच्या आडून म्हणाला. हळू म्हणाला, पण ठमीला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं.

सुरुवातीचे दिवस मोठे फजितीचे गेले. रिटच करायचं म्हणजे चेहऱ्यावरच्या एका जागची चांगली कातडी उचलायची आणि डागावर बेमालूम बसवायची. ऐकायला सोपं. ठमीनं पहिल्यांदा एका किराणा दुकानदाराचा फोटो केला. मुरूम काढले, सुरकुत्या काढल्या, हात थांबेचना. शेवटी दुकानदार साबणाच्या नव्याकोऱ्या वडीसारखा दिसायला लागला. काका म्हणाले, "याला आता नाकाडोळ्याची काय गरज?" मग एका शिक्षिकेचा फोटो आला. हनुवटीवर टपोरा तीळ होता, ठमीनं तो डाग समजून उडवला. बाई फोटो नाचवत दुकानात आल्या.

"माझा तीळ कुठाय?"

"कुठला तीळ?"

"पोरं मला तीळवाल्या बाई म्हणतात! तीळ गेला तर मी कोण राहिले?"

ठमीनं मुकाट्यानं तीळ परत बसवला. पण गडबडीत बसवला तो दुसऱ्या बाजूला, आणि बाई दुसऱ्यांदा आल्या. तेव्हा काकांनी तिला समोर बसवून एकदाच सांगितलं, "पंधरा दिवसांत आपोआप जातं ते काढायचं. मुरूम, ओरखडा, डास चावल्याची गांधी. जन्माचं जे आहे ते विचारल्याशिवाय काढायचं नाही." ठमीनं ते मनावर कोरून ठेवलं. रोज सगळ्यांत आधी यायची, आणि जुने, गिऱ्हाइकांनी टाकून दिलेले फोटो उघडून हात बसवायची. केसांची कड, चष्म्याच्या काचेतली चमक, कॉलरवरची सावली. बघता बघता काका तिच्या मागं उभं राहणं विसरायला लागले. एकदा तर चहा तिच्या टेबलावर स्वतः आणून ठेवला. वर "थंड होईल," असं खेकसलेही, म्हणजे कौतुक वाटू नये.

असं बरं चाललेलं असताना एका दुपारी काका आत आले आणि त्यांनी तिच्या पुढ्यात एक पेनड्राइव्ह ठेवला.

"जरा किचकट आहे. वारलेल्या बाईंचा फोटो आहे. ग्रुपमधून कापून आणलाय. मोठा करून फ्रेमसाठी द्यायचाय. चेहरा उजळ कर, मागची माणसं कापण्यात गेलीच आहेत, पण खांद्यावर कुणाचा तरी हात राहिलाय. तो काढून टाक."

ठमीनं फोटो उघडला. चेहरा स्क्रीनवर आला आणि तिनं खुर्ची पुढं ओढली.

त्या तिच्या सासूबाई होत्या.

"काका, ह्या… गेल्या?"

"महिना होऊन गेला म्हणे. मुलगा आला होता. का, ओळखीच्या?"

महिना झाला होता. ते घर स्टुडिओपासून चालत जाण्याइतकं जवळ. भाजीवालीला कळलं असेल, शिंप्याला कळलं असेल, तिला मात्र कोणी कळवलं नव्हतं. सगळं घर "सही कर" म्हणत असताना त्या एकट्या बाई मध्ये उभ्या राहिल्या होत्या. "चूक याची आणि घर हिनं सोडायचं? हा कुठला न्याय?" असं स्वतःच्या पोटच्या पोराला सगळ्यांदेखत विचारलं होतं त्यांनी. कोणी ऐकलं नाही. तरी विचारलं होतं.

काका बाहेर गेल्यावर ठमीनं नाक पुसलं आणि कामाला लागली. रडायचं तर घरी जाऊन, असं तिनं स्वतःला बजावलं. तिनं फोटोवरचा पिवळटपणा काढला. नाकावर चष्म्यानं पाडलेला खळगा तसाच ठेवला. कपाळावरची एक बट सोडवली. मग ती खांद्यापाशी आली.

हात तिचाच होता. नव्या घरात राहायला गेले त्या दिवशीचा फोटो. आई, म्हणजे सासूबाई, खुर्चीत बसलेल्या, ती मागं उभी. मनगटावर इस्त्री लागल्याचा लांबट डाग स्पष्ट दिसत होता. आणि तिच्या हातावर आईंचा हात होता. म्हाताऱ्या माणसानं फोटोपुरता ठेवावा तसा नाही. त्यांनी तिची बोटं स्वतःच्या बोटांत अडकवून घट्ट धरली होती. तो हात काढायचा तर आईंची बोटंही छाटायला लागणार होती.

ठमीनं ते करून बघितलं. दुसरा खांदा उचलून उलटा केला, इकडे बसवला, कापडाच्या चुण्या जुळवल्या. आईंचा हात कोपरापासून पुसून त्या जागी मांडीवर दुसरा हात आणला. हात जमला. सावलीही जमली. शिवण सापडेना इतकं बेमालूम झालं. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. बाई छान दिसत होत्या. कोणाचं काही देणं लागत नसल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी फोटो न्यायला आला तो तिचा धाकटा दीर. काकांनी त्याला सरळ आतच आणलं. ठमीला बघून तो उंबऱ्यातच अडखळला. पूर्वी दिवसातून दहादा वहिनी, वहिनी करणारा. आता काय म्हणावं त्याला कळेना.

"तुम्ही… इथं असता?"

"असते. बसा."

स्क्रीनवर फोटो होता. उजळलेला, स्वच्छ. खांद्यावर हात तसाच.

"हात राहिलाय," तो काकांकडे बघून म्हणाला.

"राहिला नाही, ठेवलाय," ठमी म्हणाली. "माझा आहे तो."

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. दीर खालच्या आवाजात म्हणाला, "हे बघा, समजून घ्या. घरात आता अण्णांची दुसरी बायको आहे. रोज समोर भिंतीवर तुमचा हात… बरं दिसत नाही." अण्णा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, ठमीचा पूर्वीचा नवरा.

"माझा हात दिसतोय तुम्हाला. त्याच्यावर आईंचा आहे तो दिसत नाही? मी ठेवला असेल, पण धरलाय त्यांनी. सोडवायचा होता तर त्या होत्या तेव्हा सोडवायचा होता."

"एवढं काय त्यात? कॉम्प्युटरचं काम आहे. तुम्ही नवीन आहात, जमत नसेल तर तसं सांगा, दुसरीकडे देतो."

हे मात्र ठमीला झोंबलं. तिनं शेजारची फाईल उघडली. स्क्रीनवर आई आल्या. खांदा रिकामा, हात मांडीवर, कुठं काही झाल्याची खूण नाही. दीर पुढं वाकला. काकासुद्धा वाकले. "वा!" त्यांच्या तोंडून निघूनच गेलं.

"जमलं ना?" ठमीनं विचारलं. आणि दोघांच्या देखत तिनं ती फाईल पुसून टाकली. कॉम्प्युटरच्या कचरापेटीतूनही काढून टाकली. "मला जमतंय. मी करणार नाही. या दोहोंत फरक आहे. तुमच्या अण्णांना घेऊन या. या खुर्चीत बसू दे, कुठली कळ दाबायची ते मी दाखवते. आईची बोटं तोडायची असतील तर मुलानं तोडावीत. मी परकी आहे, असं तुम्हीच ठरवलंत ना?"

दिरानं पेनड्राइव्ह उचलला.

"आणि एक सांगून जा," ठमीचा आवाज आता चढला. "मला कळवलं का नाही?"

"अण्णा नको म्हणाले."

"अण्णांचं तोंड अण्णांना. तुम्हाला स्वतःचं नव्हतं?"

तो खाली मान घालून निघून गेला. मग काकांचा स्फोट झाला.

"गिऱ्हाईक होतं ते!"

"गिऱ्हाईक तुमचं होतं काका. हात माझा होता."

"उद्यापासून यायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी काकांनी दुकान उघडलं तेव्हा ठमी पायरीवर बसलेली होती.

"काल काय सांगितलं मी?"

"सांगितलंत. मी ऐकलं. त्या जुळ्या बहिणींचे फोटो अर्धे राहिलेत, कुठली कुठली ते मलाच माहितीये." आणि त्यांच्या बाजूनं वाट काढून ती आत जाऊन बसली.

काकांनी बरेच दिवस तिच्याशी अबोला धरला. मोठी कामं स्वतःच करायचे, तिला फक्त पासपोर्टचे फोटो. ठमीनं एकेक पासपोर्ट असा केला की माणसं आरशात बघितल्यासारखी खूश होऊन जायची. कुरकुर केली नाही आणि माफीही मागितली नाही. अबोला सोडायला निमित्त झालं त्या दिराचंच.

तो परत आला तेव्हा त्याच्या काखेत कागदात गुंडाळलेली फ्रेम होती. दुसऱ्या दुकानातून करून आणलेला फोटो. आईंचा खांदा उशीसारखा फुगला होता, आणि हाताला बोटं होती तीनच. काकांनी चष्मा वर करून ती मोजली आणि अभिमानानं म्हणाले, "आमच्याकडे पाच मिळतात."

"हा बाबांनी भिंतीवर लावू दिला नाही," दीर म्हणाला. "ही कोण बाई आणलीस, म्हणाले. अण्णांचं अजून तेच चाललंय, हात नको. पण मला हवाय. माझ्या खोलीत लावीन. आहे तसा द्या."

ठमीनं त्याला बाकावर बसवून ठेवलं. आधीची कामं संपवली, मग त्याचं घेतलं. प्रिंट निघाली तेव्हा तिनंच ती कडा धरून त्याच्या हातात दिली. तो काहीतरी बोलायला गेला, बहुधा चुकलं वगैरे. ठमी म्हणाली, "उन्हात धरू नका, रंग उडेल." तेवढ्यावर तो गेला. तिनं त्याला माफ केलं का? नाही. पण फोटोत कसर ठेवली नाही.

प्रिंट तिनं दोन काढल्या होत्या. दुसरी संध्याकाळी घरी आली, आणि पाठोपाठ मागच्या खोलीतून हातोडीचा आवाज. दादा धावत आला. वहिनी त्याच्या मागं.

"हे काय? ज्या घरानं तुला बाहेर काढलं, त्या घरातली म्हातारी आपल्या भिंतीवर?"

"घरानं काढलं. ह्यांनी नाही."

"लोक काय म्हणतील?"

"माझ्या खोलीत लोक येत नाहीत. तुम्हीच येता, न विचारता."

वहिनी दोन पावलं पुढं आली. फोटोकडे बघत राहिली, मग त्या दोन हातांकडे. "किती घट्ट धरलाय गं," ती म्हणाली, आणि एकदम वळून स्वयंपाकघरात निघून गेली.

ठमीनं हातोडी हाणली. खिळा वाकडा झाला आणि प्लास्टरचा हा एवढा टवका खाली पडला.

"भिंत फोडशील!" दादा ओरडला.

"फोडीन. मग बुजवीन," ठमी म्हणाली. "तो दुसरा खिळा दे इकडे."

दादानं कपाळाला हात लावला. पण खिळा दिला.