मोज्यांवर नाव कुणाचं?

मोज्यांच्या घरात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. जोडीदार हरवलेले एकटे मोजे आणि किस्से! एकटे मोजे मी लादी पुसायला काढते. किश्शांचं काय करायचं ते कळत नाही. वाती वळायला बसलं की एकेक आठवतो, मी एकटीच हसते, आणि आमचे हे पेपरातून डोकं वर काढून विचारतात, "आज कोण, डॉक्टर की कोकरू?"

तर आधी थोडं घरचं सांगते. आमचं घर सांगलीजवळ माधवनगरला. मुलगा निखिल पुण्याची नोकरी सोडून घरी आला आणि त्यानं नि सूनबाईनं, पल्लवीनं, मागच्या खोलीत मोज्यांवर छपाई करायचं मशीन बसवलं. साधे मोजे बाहेरून आणायचे, त्यावर कंपनीचं नाव, चिन्ह छापायचं, छान खोक्यात घालायचं. मग त्या कंपनीनं ते दिवाळीला आपल्या माणसांना भेट द्यायचे. "आई, मिठाई चार दिवसांत संपते, मोजा वर्षभर पायात राहतो," असं निखिल सगळ्यांना सांगायचा. आम्हीही मान डोलवायचो.

पण दोघांचं आपसात ठरलेलं होतं. दिवाळीपर्यंत धंद्यानं मूळ धरलं तर इथं, नाहीतर बाडबिस्तरा बांधून परत पुण्याला. जुन्या साहेबांचा फोन अधूनमधून यायचाच. ते गेले म्हणजे आमची सईसुद्धा गेली. सई माझी नात. सकाळी मी पूजेला बसले की माझ्या मांडीत बसून देवाच्या वाटीतली साखर संपवणारी! तेव्हा मोजे खपावेत म्हणून घरात सगळ्यांत जास्त देवाला कुणी छळलं असेल, तर मी.

०००

पहिलं गिऱ्हाईक आलं ते सांगलीचे हाडांचे डॉक्टर. बरे होऊन घरी जाणाऱ्या पेशंटला दवाखान्याच्या नावाचे मोजे द्यावेत, ही कल्पना त्यांना फार आवडली. मोजा ताणून बघितला, उलटा करून बघितला, रंगही पसंत केला. मग जरा घुटमळले.

"निखिल, एक अडचण आहे. माझ्या बहुतेक पेशंटच्या एका पायाला प्लास्टर असतं. त्याला मोजा लागणार एकच!"

"सर, पण मोजे जोडीनंच येतात."

"असं करू या की, दोन पेशंटमध्ये एक जोड. एकाला डावा, एकाला उजवा."

मोज्यात डावा-उजवा नसतो हे सांगायचं पल्लवीच्या अगदी ओठावर आलं होतं. पण पहिलंच गिऱ्हाईक, तिनं वहीत लिहून घेतलं, 'डावा, उजवा'. रात्री जेवताना हा प्रसंग सांगितला तर हे म्हणाले, "अख्खा जोडच द्या म्हणावं डॉक्टरांना. आपल्याकडच्या रस्त्यांवर विश्वास ठेवा, दुसराही पाय येईल!"

०००

श्रावणात मी सांगलीच्या गणपतीला बोलून बसले, की मुलाच्या धंद्याला थारा मिळेपर्यंत पायात वहाण घालणार नाही.

पल्लवीनं कपाळावर हात मारला. "अहो आई, नवसच करायचा होता तर गोड सोडायचं, भात सोडायचा! मोजेवाल्यांच्या घरची आईच अनवाणी हिंडायला लागली तर लोक काय म्हणतील?"

बरोबरच होतं तिचं. पण देवाला दिलेला शब्द काय परत घ्यायचा? शेवटी तिनंच आमच्या गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी खूप विचार केला आणि निकाल दिला, "अनवाणी म्हणजे वहाणेवाचून. मोजा ही काही वहाण नव्हे, ते वस्त्र. वस्त्राला हरकत नाही."

झालं! त्या आठवड्यात पाण्याच्या मोटारी करणाऱ्या एका कारखान्याचे थोडे मोजे तिरके छापले गेले होते. पंपाचं चित्र असलेले ते मोजे घरातच पडून होते. त्यातला एक जोड चढवून मी चतुर्थीला दर्शनाला गेले. आता दर्शनाच्या रांगेत चपला बाहेर काढलेल्या, पुढं सरकायला जागा नाही, माणसाची नजर जाणार कुठं? खाली. मी आपली डोळे मिटून अथर्वशीर्ष म्हणतेय, तेवढ्यात मागून एक शेतकरी दादा अदबीनं म्हणाले,

"मावशी, ह्यो पंप किती हॉर्सपॉवरचा वो?"

मला काय ठाऊक! मी म्हटलं, "मुलाला विचारून सांगते." घरी येऊन सांगितलं तर ह्यांना हसू आवरेना. "नवस तुझा, पाय तुझे आणि जाहिरात पंपाची! त्या कारखान्याकडून पगार लावून घे आता."

०००

मग आली पशुखाद्याची कंपनी. त्यांचे मॅनेजर फार उत्साही. पूर्वेकडच्या दुष्काळी भागातल्या मेंढपाळांना त्यांनी मोजे वाटायचं ठरवलं. वाटपाला निखिलही गेला होता. तिथं बिरामामा नावाचे एक म्हातारे धनगर होते. त्यांनी मोजा हातात घेतला, गालाला लावून बघितला आणि म्हणाले,

"ही लोकर न्हाई."

"नाही मामा. यात थोडा कापूस, थोडं नायलॉन."

"म्हंजी लोकर आमच्या मेंढरांची, ती गेली बाजारात. आन् आमाला नायलान! बरं हाय की. द्या दोन जोड."

"मामा, माणशी एकच जोड आहे."

"आवं, पाय चार हायती."

निखिलला वाटलं, घरी कारभारीण असेल. दिला आणखी एक जोड.

कंपनीला कार्यक्रमाचे फोटो हवे होते. 'आमचे आनंदी ग्राहक' असं खाली लिहून ते कॅलेंडरवर छापायचे होते. मॅनेजर मोबाईलवर आलेले फोटो बघत बसले आणि एका फोटोवर थांबले. बिरामामांचं नुकतंच जन्मलेलं कोकरू पहाटेच्या गारठ्यात ऐटीत उभं! चारही पायांत मोजे, चारही मोज्यांवर कंपनीचं चिन्ह, अगदी दर्शनी बाजूला!

निखिल समोरच बसला होता. त्यानं तिथल्या तिथं बिरामामांना फोन लावला. "मामा, ते मोजे तुमच्यासाठी होते हो!"

पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "पेंड मी खातो व्हय?"

फोनचा स्पीकर चालू होता. मॅनेजर उठून उभे राहिले, टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, "बरोबर आहे! आपला खरा ग्राहक हाच!" कोकराचा फोटो जानेवारीच्या पानावर गेला. माणसांचे गेले मागं, सगळे मिळून एका चौकटीत.

०००

साताऱ्याचे एक निवृत्त सुभेदार आहेत, पहारेकरी पुरवायची एजन्सी चालवतात. त्यांनीही मोजे घेतले. निखिलनं येऊन सांगितलेला तो प्रसंग मला काही विसरता येत नाही. माल पोचला त्या दिवशी त्यांनी सगळ्या पहारेकऱ्यांना मोजे घालायला लावले, पँटी वर दुमडायला लावल्या आणि मैदानात रांगेत उभं केलं. 'सावधान!' म्हणाले आणि वाकून पायांकडं बघत रांगेच्या या टोकाहून त्या टोकाला गेले. परत आले ते लालबुंद होऊन.

"निखिल, चिन्हं वर-खाली आहेत!"

"काका, मशीन एकच आहे. सगळ्या मोज्यांवर एकाच जागी छापलंय."

"मग रांगेत एका रेषेत का दिसत नाहीत?"

आता कुणी उंच, कुणी बुटका, कुणाची पोटरी पैलवानाची तर कुणाची काडीसारखी. पण सुभेदारांना कोण सांगणार? ते रांगेकडं वळून गरजले, "पाय सारखे करा!"

रांगेतून आवाज आला, "साहेब, मोजं तुमी दिल्यात. पाय आईबापानं दिल्यात. त्यांस्नी बोलवू का?"

सुभेदारांनी पुन्हा एकदा सगळ्या पायांकडं बघितलं. मग म्हणाले, "पँटी खाली!"

०००

असं सगळं चाललेलं होतं, हसूही येत होतं, पण मोठी ऑर्डर काही हाताला लागेना. फलटणच्या बाजूला एका साखर कारखान्यात कामगारांना मोजे द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. अडलं कशावर, तर रंगावर! भगवा घ्यावा तर एक गट रुसणार, हिरवा घ्यावा तर दुसरा. निळ्याला कुणी तिसऱ्यानंच हरकत घेतली. लाल म्हटलं की युनियन आठवते म्हणून साहेब दचकले. पिवळा म्हटला तर कुणीतरी म्हणालं, हळद लागल्यासारखं दिसतं. पांढरा मळतो आणि काळा सणाला चालत नाही. निखिल दर वेळी नवे नमुने घेऊन जायचा आणि दर वेळी एक रंग कमी करून यायचा.

हे म्हणाले, "आता पारदर्शक मोजे काढ. कुणाचंच काही म्हणणं येणार नाही."

कारखान्यानं शेवटी टॉवेल वाटले. त्या दिवशी मात्र घरात कुणी हसलं नाही. दसरा होऊन गेला होता. पल्लवी सईच्या पुण्याच्या शाळेची चौकशी फोनवर हळू आवाजात करत होती. मला ऐकू जाऊ नये म्हणून हळू, आणि म्हणूनच मला सगळं ऐकू आलं. मी देवापुढं बसले, पण काय मागावं तेच सुचेना. मुलांचं बरं व्हावं एवढंच म्हटलं. कुठं राहून, ते नाही म्हटलं.

०००

आणि चार दिवसांत कोरेगावकडच्या एका पतसंस्थेचा फोन आला! दिवाळीला सगळ्या सभासदांना मोजे. आमच्या मशीननं तोवर पाहिली नव्हती एवढी मोठी ऑर्डर. पल्लवीनं सईला उचलून गरागरा फिरवलं. मग त्यांचं चिन्ह मोबाईलवर आलं. पतसंस्था ग्रामदैवताच्या नावाची. चिन्हात देवळाचा कळस, खाली देवाचं नाव.

मी निखिलला एवढंच म्हटलं, "बाळा, देवाचं नाव पायात?"

"आई, त्यांनाच चालतंय तर आपण कोण?" तो म्हणाला. "आणि ही ऑर्डर सोडली तर काय होणार, ते तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे रे. पुण्याला जा. मी डबे भरून देईन, सुट्टीत सईला बघायला येईन. पण हे नाव पायात घालू नका."

त्यानं मोबाईल खिशात टाकला. मग म्हणाला, "मग तूच चल आणि तूच सांग त्यांना."

गेले! संचालकांची सभा चालू होती. चेअरमन म्हणजे अण्णा. गावात बसथांब्यावर अण्णांचं नाव, पाण्याच्या टाकीवर अण्णांचं नाव, सभागृहातल्या घड्याळावर, बाकांवर अण्णांचं नाव. स्मशानातल्या शेडवरसुद्धा! समोर बसले होते तात्या, विरोधी गटाचे जुने पैलवान. अण्णा चहा म्हणाले की तात्या कॉफी म्हणणार, अशी ती सभा. शिपायानं मला कानात सांगितलं, "मावशी, हितं एकमतानं आजवर पंखासुद्धा लावल्याला न्हाई."

मी हात जोडून उभी राहिले. म्हटलं, "देवाचं नाव तेवढं पायात नको. लोक चिखलात चालतील, उंबऱ्याबाहेर काढून फेकतील. त्यापेक्षा दुसरं एखादं मोठं नाव टाका. सगळ्या सभासदांना ज्यांच्याबद्दल काही वाटतं, असं."

संचालक एकमेकांकडं बघायला लागले. मला वाटलं, संपलं. निखिल जमिनीकडं बघत होता.

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. खाली बघत म्हणाले, "आता मोठं नाव म्हंजी... मी आपल्या तोंडानं कसं सांगू?"

तर पैलवान तात्या ताडकन उठले! "मी सांगतो की! चेअरमनसायबांचं नाव टाका! माजी सूचना!"

"अनुमोदन!" कोपऱ्यातून आवाज आला.

"माजंबी अनुमोदन!"

भराभरा हात वर गेले. काहींचे तर दोन्ही! मागं उभा असलेला शिपाईसुद्धा हात वर करून मोकळा झाला. कुणीतरी ओरडलं, "एक जोड न्हाई, दोन-दोन द्या!" आणखी कुणी म्हणालं, "यंदाच का? दरसाल द्या!" तेही एकमतानं मंजूर.

अण्णांचे डोळे भरून आले. उपरण्यानं पुसत मला म्हणाले, "ताई, तुमी देवासारख्या आला. एवढी वर्सं खुर्चीवर हाय, पर लोकांच्या मनात माज्याविषयी एवढं असंल, असं कवा वाटलं न्हवतं!"

निखिल बाहेर व्हरांड्यात गेला आणि त्यानं पुण्याला फोन लावला. "साहेब, नाही जमणार यायला," असं म्हणताना मी माझ्या कानांनी ऐकलं. मी खांबाला टेकून मनातल्या मनात देवाचे पाय धरले.

तेवढ्यात तात्या सभेतून बाहेर आले. इकडं तिकडं बघितलं, निखिलच्या खांद्यावर भला मोठा पंजा ठेवला आणि वाकून हळूच म्हणाले,

"गड्या, नाव घोट्यावर नगं. तळव्याला छाप. आन् माजा पाय धा नंबरचा हाय, अक्षरं बसतील तेवडी मोठी घे!"