बक्षिसाला न बधणाऱ्या वहिनी

आमच्या वहिनी पुस्तक कधी पूर्ण उघडून वाचत नसत. दोन पुठ्ठ्यांमध्ये चार बोटांची फट ठेवायच्या आणि मान तिरकी करून त्या फटीतून वाचायच्या. समोरच्या शर्माइनला बरेच दिवस संशय होता की या घरात काहीतरी चोरून वाचण्यासारखं येतं. खरी गोष्ट अशी की ते पुस्तक अजून कोणाचंच नसायचं. रेल्वे कॉलनीतल्या वाचनालयाला दिल्लीचा एक विक्रेता दर वर्षी इंग्रजी पुस्तकांचा गठ्ठा पसंतीसाठी पाठवायचा. आवडतील ती ठेवायची, बाकीची परत. पण परत जाणारं पुस्तक कोरं करकरीत हवं; पाठीवर एक घडी पडली की ते वाचनालयाच्या गळ्यात. "नालायक पुस्तक घरात घुसायला एक घडी पुरते, वन्सं," असं वहिनी म्हणायच्या. वन्सं म्हणजे मी, त्यांची धाकटी नणंद.

झाशीत मराठी माणसं दोन प्रकारची. आमचे वडील रेल्वेच्या नोकरीपायी भुसावळहून आलेले, म्हणजे आम्ही कालचे. वहिनींचं माहेर जुन्या शहरातल्या लक्ष्मी गेटचं. त्यांचे पूर्वज पेशव्यांच्या सुभेदाराबरोबर कारकुनी करायला आले ते परत गेलेच नाहीत. वहिनी स्वयंपाकघराला मुदपाकखाना म्हणायच्या आणि त्याच दमात भाजीवाल्याला "भैया, तोल ठीक से धरा" असं मराठी-हिंदीच्या मधलं काहीतरी सुनवायच्या. पुण्याला त्या जन्मात एकदाच गेल्या होत्या, तेही कोणाच्या तरी लग्नाला. पण आम्हा कालच्यांना वागवायच्या अशा, की झाशी त्यांच्या खापरपणजोबांनीच वसवली असावी. नणंदेला 'अहो-जाहो' करायची जुनी रीत मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. त्यामुळे आमची भांडणंसुद्धा मोठ्या अदबीनं व्हायची.

पुस्तकं त्यांच्याकडे आली ती दुसऱ्या कोणाला नको होती म्हणून. वाचनालयाचे चिटणीस सक्सेनाजी यांनी एका वर्षी ठरवलं की कॉलनीतल्या तरुणांना आवडेल असं काहीतरी मागवू या. अद्भुत कादंबऱ्या, विज्ञान कादंबऱ्या, आणि त्याही बक्षीस मिळालेल्याच, म्हणजे निवडीत चूक व्हायला नको. गठ्ठा आला, पण समितीतलं कोणी ते राक्षस आणि रॉकेट वाचायला तयार होईना. माझा दादा मालगाडीवर गार्ड होता. त्यानं घरी येऊन हा किस्सा हसत हसत सांगितला. वहिनी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेल्या. त्या म्हणाल्या, "मला आणून द्या. राक्षस चालेल, रॉकेटपण चालेल. लिहिणारा शहाणा पाहिजे, बस." तेव्हापासून प्रेम नगरच्या आमच्या दोन खोल्यांत परग्रहांची ये-जा सुरू झाली.

पुस्तक हातात पडलं की त्या आधी त्याला खाकी कागदाचं कव्हर घालत. बक्षिसाचा सोनेरी शिक्का दिसला की वाचणारा आपोआप मऊ पडतो, असं त्यांचं मत होतं. सक्सेनाजी एकदा अगदी काकुळतीला आले होते. "भाभीजी, इसको तो दुनिया का सबसे बड़ा इनाम मिला है। इसको कैसे लौटा दें?" वहिनींनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. म्हणाल्या, "भैयाजी, इनाम देने वालों ने अपनी पढ़ी, हमने अपनी पढ़ी। दोनों का काम हो गया।" पुस्तक परत गेलं. सक्सेनाजी मात्र पुढच्या गठ्ठ्यासकट पुन्हा आले, कारण वहिनींनी ठेवलेली पुस्तकं वाचनालयात कधी जागेवर सापडत नसत.

त्यांची कसोटी मोठी घरगुती होती. लेखकानं नवं जग उभं केलं ना, मग ते चालवून दाखवावं. तिथे पाणी कोण भरतं, लोक खातात काय, म्हातारे झाले की जातात कुठे, याची उत्तरं त्यांना हवी असत. एका जाडजूड कादंबरीत उडत्या घोड्यांची फौज एका किल्ल्याला वर्षभर वेढा घालून बसते. बक्षिसांची रांगच लागलेली तिला. वहिनींनी ती अर्ध्यात माझ्यापुढे धरली. "वर्षभर वेढा! आणि आतल्या लोकांची विहीर कुठे आहे ते याला माहीतच नाही. वेढ्यात पहिलं काय संपतं, ते झाशीत कोणालाही विचारा." मी म्हटलं, "अहो, घोडे उडतात ते चालतं तुम्हाला, आणि विहीर नसलेली नाही चालत?" "घोड्याला पंख त्यानं दिले, ते मी मानले. तहान थोडीच त्यानं बनवली? ती तर सगळ्यांना लागते."

पण नावडतं पुस्तक आणि वाईट पुस्तक यांत त्या कधी गल्लत करत नसत. एका कादंबरीत विचार करणारी बुरशी सगळं शहर हळूहळू गिळते. ती वाचताना वहिनींना अशी शिसारी यायची, की दर थोड्या पानांनी उठून हात धुऊन यायच्या. लोणच्याच्या बरण्या त्यांनी त्या आठवड्यात दोनदा उन्हात ठेवल्या. मला वाटलं, हे पुस्तक तर गेलंच. पण म्हणाल्या, "ठेवायला सांगा सक्सेनाजींना. मला इतकं घाबरवलं म्हणजे माणूस आपलं काम जाणतो. मला परत नका देऊ, बस." असा न्याय मी पुढे मोठमोठ्या परीक्षक मंडळींतही फार पाहिला नाही, आणि काही मंडळांवर मी स्वतः बसले आहे.

दादाला वहिनी सगळ्या गोष्टी जेवताना सांगायच्या. आकाशगंगेच्या पल्याड निघालेली यानं, गोठवून ठेवलेले प्रवासी, वाटेत बिघडलेली यंत्रं. दादा ताटावरून मान वर न करता ऐकायचा आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचा, "पोचले का मग?" गार्डच तो. वहिनी चिडायच्या, पण मी पाहिलंय, ज्या कादंबरीत लेखकानं माणसं अधांतरी सोडून दिलेली असत, तिचा 'परत' हा निकाल सांगताना त्या दादाकडे बघत.

या अशा घरात राहून मी लिहायला लागले नसते तरच नवल. मी तेव्हा मुलींच्या कॉलेजात शिकवत होते. पुण्याच्या एका प्रकाशकानं विज्ञान कादंबऱ्यांची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा मी गुपचूप एक कादंबरी पाठवली. पृथ्वी सोडून एका तांबड्या ग्रहावर गेलेल्या माणसांची दहावी पिढी तिथे नांदते आहे, आणि पृथ्वीवरून एक यान त्यांना परत न्यायला येतं, अशी गोष्ट. मला पहिलं बक्षीस मिळालं. दिवाळीच्या आत पुस्तक छापायचं ठरलं. दादानं दतिया गेटहून पेढे आणून कॉलनीभर वाटले. मला हवं होतं ते मिळत होतं. पुण्याच्या दुकानात माझं पुस्तक असावं, आणि ते वाचून कोणाला कळूही नये की बाई झाशीची आहे. मावसबहिणींचे टोमणे खात दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या पुण्यात काढून मी ते शुद्ध मराठी कमावलं होतं.

वहिनींनी हस्तलिखिताच्या प्रतीलाही खाकी कागद घातला. दोन दिवस वाचलं. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बक्षीस बरोबर मिळालं, वन्सं. कादंबरी चुकली."

मी विचारलं, "म्हणजे काय?"

"मतलब असं की दहा पिढ्या झाल्या यांना घर सोडून. आणि बोलतात सगळे असे, जसे काल सदाशिव पेठेतनं निघाले. माझी मावशी पुण्याला गेली तर दुकानदार तिला विचारतो, बाई, तुम्ही मराठी कुठे शिकलात? दोनशे वर्षांत आमचं हे झालं. तुमच्या ग्रहावर कोणाची जीभ थोडीही वळली नाही? आणि सणाला श्रीखंड करतात! गाय कुठनं आली तिथे?"

"गाईचं मी बघते," मी म्हटलं.

"गाय राहू द्या. तुम्ही इथे जन्मल्या, इथे राहता. घर सोडून गेलेल्यांचं काय होतं, ते पुण्याच्या लोकांना माहीत नाही, म्हणून त्यांनी बक्षीस दिलं. तुम्हाला माहीत आहे. मग तुम्ही का नाही लिहिलं?"

मला भयंकर राग आला. अनेक दिवस आमच्या घरात "भाजी वाढू का, वन्सं?" आणि "वाढा" याखेरीज संभाषण झालं नाही. दादा बिचारा ड्यूटी मागून घ्यायला लागला. पण खरा राग होता तो यासाठी, की पहिल्या वाक्यालाच मला कळलं होतं वहिनी बरोबर आहेत. माझ्या कादंबरीत एक म्हातारी होती. सगळा ग्रह यानात चढतो तेव्हा ही एकटी जायला नकार देते. हा माझा सगळ्यांत लाडका प्रसंग. तो मी मोठ्यानं वाचून पाहिला, तर म्हातारी आकाशवाणीवर बातम्या देत होती. मग मी ते बोलणं आमच्या घरात बोलतात तसं लिहून पाहिलं, आणि म्हातारी उठून बसली. ती थांबेचना. तिच्यामागून बाकीचेही बोलायला लागले. जुने, पृथ्वीवर कोणी वापरत नाही असे शब्द, मध्येच त्या ग्रहाचे, मध्येच कुणाकुणाकडून उचललेले. यानातून आलेल्यांना ते अर्धं कळेना, आणि खरी कादंबरी तिथे सुरू झाली.

मी प्रकाशकाला फोन करून सांगितलं की मला पुन्हा लिहायचं आहे. ते सभ्य गृहस्थ होते. बदललेली काही प्रकरणं वाचून म्हणाले, "बाई, आम्ही बक्षीस दिलं ती कादंबरी छापायला आम्ही तयार आहोत. ही नाही. हे मराठी आमच्या वाचकाला चालणार नाही." मी जुनी छापू द्यायला नाही म्हटलं. फोन ठेवला. पुण्याचं दुकान गेलं, हे मला स्पष्ट दिसत होतं. वहिनींना सांगितलं तर म्हणाल्या, "पुस्तक कुठे गेलं? छापणारा गेला. दुसरा येईल." इतक्या ठामपणे म्हणाल्या की मी रडायची थांबले. नंतर दादा सांगत होता, त्या दिवशी वहिनी जेवल्या नव्हत्या.

दुसरा यायला काही वर्षं लागली. इंदूरच्या एका छोट्या प्रकाशकानं साध्या कागदावर कादंबरी काढली. तिला कोणतंही बक्षीस मिळालं नाही. पण ग्वाल्हेर, सागर, इंदूर, बडोदा अशा ठिकाणांहून लोक भेटायचे आणि म्हणायचे, आमच्या घरात अशीच बोलतात माणसं. वहिनींनी छापील पुस्तक सावकाश वाचलं, या वेळी चांगलं पूर्ण उघडून. मी आसपास घुटमळत होते. शेवटी चष्मा काढून म्हणाल्या, "आता ग्रह चालतो. फक्त ती म्हातारी फार बोलते. पुढच्या वेळी छापाल तेव्हा कमी करा तिला." ती म्हातारी कोण आहे, हे त्यांनी ओळखलं होतं की नाही, ते मला आजवर उमगलेलं नाही. विचारायचं धाडस मी केलं नाही.

वहिनी गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. दादा त्यांच्या आधीच गेला होता. त्यांचा मुलगा अजय बंगळूरला असतो. मराठी त्याला सगळं कळतं, बोलताना मात्र तो दुसऱ्या वाक्याला हिंदीवर येतो, आणि मराठी पुस्तक त्यानं आयुष्यात हातात धरलं नव्हतं. मागच्या वर्षी आईचं सामान आवरताना माझी कादंबरी त्याच्या हाती लागली. एका रविवारी त्याचा फोन आला. "आत्या, तुमची किताब वाचून राहिलो आहे. स्लो जातो आहे, पण जातो आहे. ये सुनो।" आणि चाळिशी ओलांडलेला तो माणूस शाळेतल्या पोरासारखा एकेक शब्द जोडत वाचायला लागला. "'तुम्ही लोक जा, भैया. मी काय कोणाला रोकणार? पण रिकाम्या पोटी कोणी यानात चढायचं नाही, सांगून ठेवते. बसा सगळे.'"

वाचता वाचता तो थांबला.

"आत्या, ही तर आई आहे."

"हो रे," मी म्हटलं. "पुढे वाच. अजून खूप बोलते ती."